व्याख्यानाआधी आलेले पत्र : नाशिकमधील एका जाहीर व्याख्यानाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

व्याख्यान ऐकायला जाण्याची नाशिककरांची सवय जुनी आहे. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेने शंभरी ओलांडली आहे, सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे, आणि याखेरीज कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत लहानमोठ्या संस्थांच्या व्याख्यानमाला वर्षभर चालू असतात. या प्रकरणातील संस्था अशा लहान संस्थांपैकी एक आहे. ती दरवर्षी एक व्याख्यानमाला आणि एक एकांकिका स्पर्धा घेते. तिचे नाव, व्यक्तींची नावे आणि ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. प्रस्तुत लेखक संस्थेचा पदाधिकारी नव्हता. कार्यवाहांनी सल्ल्यासाठी बोलावल्यामुळे तो बैठकींना आणि व्याख्यानाला उपस्थित होता.

व्याख्यानमालेच्या श्रोत्यांत पन्नाशीच्या आतील माणसे दिसेनाशी झाली, म्हणून कार्यकारिणीने एका मराठी मालिका-निर्मात्यांना बोलवायचे ठरवले. विषय ठरला, 'दैनंदिन मालिका आणि सर्जनशीलता'. ज्येष्ठ सदस्यांपैकी दोघांनी विरोध केला. मालिका पाहणारे संध्याकाळी घराबाहेर पडत नाहीत आणि घराबाहेर पडणारे मालिका पाहत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते, परंतु शहरातील तिसरा वर्ग त्यांनी लक्षात घेतला नव्हता. राज्य नाट्य स्पर्धेत आणि एकांकिकांत काम करणारी, ऑडिशन असली की सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठणारी आणि रात्री परतणारी तरुण मंडळी हा तो वर्ग. मालिकेच्या निर्मात्यांना ऐकायला ही मंडळी नक्की येणार होती.

निर्माते स्वतः प्रायोगिक रंगभूमीवरून आलेले. काही वर्षांपूर्वी याच संस्थेच्या एकांकिका स्पर्धेचे ते परीक्षक होते. आमंत्रण स्वीकारताना त्यांनी याचा आनंदाने उल्लेख केला होता आणि निमंत्रणपत्रिकेतील परिचयातही तो छापला गेला.

अडचण

पत्रिका वाटून झाल्यावर कार्यवाहांच्या हाती एक पत्र आले. पाठवणारे गृहस्थ शहरातील एका शाळेत शिक्षक आणि हौशी एकांकिकाकार होते. निर्माते परीक्षक असलेल्या त्याच स्पर्धेत त्यांच्या एकांकिकेला लेखनाचे पारितोषिक मिळाले होते. एकांकिका एका द्राक्षबागायतदाराच्या पत्नीची. नवरा गेल्यावर ती त्याचा मोबाइल चालू ठेवते, देणेकऱ्यांना त्याच्या नावाने उत्तरे पाठवते, आणि सासू आवाज ऐकण्याचा हट्ट धरते तेव्हा जुन्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे जोडून तिला ऐकवते. पुढे निर्मात्यांच्या एका मालिकेत, जी व्याख्यानाच्या वेळीही चालू होती, नायिका मृत भावाचा फोन चालू ठेवते आणि आईला त्याचा जुना आवाज ऐकवते, असे कथानक आले. ते काही आठवडे चालले.

एकांकिकाकारांनी पैशाची मागणी केली नव्हती. मालिकेत आपल्या एकांकिकेचा उल्लेख व्हावा, अन्यथा व्याख्यान रद्द करावे किंवा आपल्याला व्यासपीठावरून प्रश्न विचारू द्यावा, असे त्यांनी लिहिले होते. पत्राची प्रत दोन नाट्यसंस्थांकडे गेली आणि तेथून ती व्हॉट्सॲपवर फिरू लागली. याच सुमारास निर्मात्यांच्या कार्यालयातून निरोप आला की वाहिनीशी असलेल्या करारामुळे चालू मालिकांच्या कथानकाविषयी ते जाहीरपणे बोलणार नाहीत, आणि श्रोत्यांचे प्रश्न आधी लेखी मिळावेत. ही मागणी पत्राशी संबंधित नव्हती, वाहिन्यांच्या करारांत अशा अटी सर्रास असतात. पण ज्यांनी पत्र वाचले होते त्यांना ती लपवाछपवी वाटली.

कायदा काय म्हणतो

संस्थेच्या सुदैवाने कार्यकारिणीवर एक वकील होते आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत भावनेला थोडा आवर घातला. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संरक्षण मिळते ते मांडणीला. नुसत्या कल्पनेला नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. तेथेही तक्रार नाटककाराचीच होती. 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट केल्याचा त्यांचा दावा होता. प्रांतवादाचा विषय दोन्हींत समान असूनही न्यायालयाने दावा फेटाळला, आणि दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाच्या मनावर दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असा निःसंदिग्ध ठसा उमटतो का, ही कसोटी सांगितली.

विश्वासाने सांगितलेल्या संकल्पनेला वेगळे संरक्षण मिळू शकते. झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेच्या संकल्पनेबाबत ते मान्य केले. परंतु तेथे संकल्पना गोपनीय स्वरूपात समोर ठेवली गेली होती. स्पर्धेत तिकीट लावून झालेल्या प्रयोगाला गोपनीय म्हणता येत नाही. एकांकिकाकारांच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम होती. महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या शासकीय मंडळाकडे, द्यावी लागते, त्यामुळे मंडळाचे प्रमाणपत्र असलेली संहिता त्यांच्या हाती होती. आपले लेखन आधीचे आहे हे दाखवायला स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे संहिता नोंदवण्याचीही सोय आहे. हौशी रंगभूमीवरचे लेखक तिच्याकडे सहसा वळत नाहीत.

सारांश असा की तारीख सिद्ध होती, परीक्षकांनी प्रयोग पाहिला हेही सिद्ध होते, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने दावा कमकुवत होता. ध्वनिमुद्रणाचा प्रसंग सोडला तर पात्रे, नाती, घटनाक्रम आणि संवाद वेगळे होते. वकिलांनी हे सांगितल्यावर काही सदस्यांना प्रश्न मिटल्यासारखे वाटले. प्रस्तुत लेखकाच्या मते तो तेथे सुरू झाला, कारण एकांकिकाकारांनी मागितले होते ते श्रेय, आणि श्रेयाचा व्यवहार कायद्याच्या किमान रेषेच्या बराच वर चालतो.

समोर असलेले पर्याय

व्याख्यान रद्द करणे सर्वांत सोपे होते आणि सर्वांत लवकर बाजूला पडले. रद्द करणे म्हणजे आरोप मान्य करणे, आणि तसा निवाडा देण्याचा अधिकार संस्थेला नव्हता. दोघांना एकाच व्यासपीठावर बसवण्याची सूचना तरुण सदस्यांची होती. ती आकर्षक होती, पण व्याख्यान ऐकायला आलेल्या श्रोत्यांना पंच करून टाकणारी होती. शिवाय दोन्ही बाजूंना बदनामीचा दावा करण्यास पुरेसे निमित्त त्यातून मिळाले असते.

बहुमत सुरुवातीला तिसऱ्या पर्यायाकडे झुकले होते : व्याख्यान ठरल्याप्रमाणे करायचे, प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यायचे आणि अडचणीच्या चिठ्ठ्या सूत्रसंचालकांनी बाजूला ठेवायच्या. ही रीत नाशिकमध्ये इतकी रुळलेली आहे की तिच्यातील लबाडी कोणालाच खटकत नाही. वकील सदस्यांनी विचारले की ज्या विषयाची निम्म्या सभागृहाला कल्पना आहे, त्या विषयाची एकही चिठ्ठी वाचली गेली नाही, तर सर्जनशीलतेवरचे ते व्याख्यान कोणी कोणत्या कानांनी ऐकेल. या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

चौथा पर्याय कार्यवाहांनी मांडला. तक्रार व्यासपीठावर आणायची नाही. मात्र व्याख्यानाच्या विषयाबाहेरही ठेवायची नाही. निर्मात्यांना सगळे मोकळेपणाने सांगायचे, दोघांची व्याख्यानाआधी खासगी भेट घडवायची, आणि व्याख्यानाचा घाट बदलून मालिकेतील कल्पना प्रत्यक्षात कोठून येतात, कोणाच्या हातून जातात आणि पडद्यावर कोणाच्या नावाने दिसतात, याचा वृत्तांत निर्मात्यांकडून मागायचा. यात धोका एवढाच होता की निर्माते नाही म्हणतील. पत्रिका छापून झाल्यावर हा धोका लहान नव्हता.

घेतलेली पावले

पहिल्यांदा एकांकिकाकारांची भेट घेतली गेली. कार्यवाह आणि वकील त्यांच्या घरी गेले, संहिता वाचली, मालिकेचे संबंधित भाग त्यांच्यासोबत बसून पाहिले, आणि त्यानंतरच कायद्याची बाजू सांगितली. हा क्रम महत्त्वाचा ठरला. आधी कायदा सांगितला असता तर ती समजूत घालणे वाटली असती. दावा टिकणार नाही हे ऐकून ते निराश झाले, पण चिडले नाहीत. आपण न्यायालयात जाण्याविषयी लिहिलेच नव्हते, याची त्यांनी आठवण करून दिली.

दुसरा निर्णय अधिक कठीण होता. निर्मात्यांना पत्राची प्रत पाठवली तर ती त्यांच्या कार्यालयातून वाहिनीच्या कायदेविभागाकडे जाईल आणि तेथून एकच उत्तर येईल, याची सर्वांना खात्री होती. म्हणून कार्यवाहांनी फोन केला. निर्माते आधी संतापले, मग बराच वेळ ऐकत राहिले. एकांकिका त्यांना आठवत होती. तिला पारितोषिक आपणच आग्रहाने दिले, हेही त्यांनी सांगितले. त्या कथानकाचे लेखन त्यांनी केले नव्हते. मालिकेचा कथाविस्तार एकाकडे, पटकथा दुसऱ्याकडे आणि संवाद तिसऱ्याकडे होते. मात्र लेखकांच्या बैठकीत आपण कधीतरी, नाशिकला एक फोनवरची एकांकिका पाहिली होती, असे बोललो नसू असे त्यांना छातीठोकपणे सांगता येईना. संपूर्ण प्रकरणात हे वाक्य सर्वांत प्रामाणिक होते, आणि खासगी फोनवर असल्यामुळेच ते उच्चारले गेले.

त्यांनी भेटीला होकार दिला. व्याख्यानात चालू मालिकेचे नाव घेणार नाही, पण संपलेल्या एका मालिकेच्या एका भागाचे कागद, म्हणजे वन लाइनपासून (प्रसंगांच्या त्रोटक आराखड्यापासून) चित्रीकरणाच्या संहितेपर्यंत सगळे, सोबत आणीन, असे त्यांनी कबूल केले. प्रश्न आधी लेखी मागण्याची अट मागे घेतली गेली.

भेट व्याख्यानाच्याच दिवशी दुपारी, संस्थेच्या कार्यालयात ठरली. कसाऱ्याच्या घाटात गाडी अडकल्यामुळे निर्माते उशिरा पोचले आणि ठरलेला वेळ निम्म्यावर आला. बोलणे सभ्यपणे झाले, अपुरे राहिले. श्रेयनामावली वाहिनीच्या संमतीशिवाय बदलता येत नाही, पण हे कथानक बैठकीत कोणाकडून आले याची चौकशी करून कळवीन, एवढे आश्वासन निर्मात्यांनी दिले. एकांकिकाकारांनी मालिकेचे नाव न घेता प्रश्न विचारण्याचे मान्य केले. यांतील काहीही कागदावर उतरले नाही.

व्याख्यान

सभागृह भरले होते आणि पहिल्या रांगांतील नेहमीच्या श्रोत्यांच्या मागे तरुण उभे होते. प्रास्ताविकात दादासाहेब फाळके आणि कुसुमाग्रज यांची नावे आली. नाशिकमध्ये ती टाळून कोणालाही कलेवर बोलता येत नाही.

निर्मात्यांनी सुरुवात वेळेच्या गणिताने केली. नियमाप्रमाणे तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती दाखवता येतात. त्या, शीर्षकगीत आणि मागील भागाची झलक वगळली की अर्ध्या तासाच्या मालिकेत लेखकाच्या हाती वीस-बावीस मिनिटे उरतात. आठवड्याला असे सहा भाग. तयार भागांची बँक हाताशी असली तर लेखन शांतपणे होते. ती संपत आली की सकाळी लिहिलेला प्रसंग दुपारी चित्रित होतो. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि शुक्रवारच्या बैठकीत पुढच्या कथानकाची दिशा बदलू शकते. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेची पद्धत २०१५ मध्ये आली, पण त्याआधीही आकडे होतेच, असे सांगून त्यांनी आकड्यांविषयीचा नेहमीचा शोकसूर टाळला.

मग त्यांनी आणलेले कागद पडद्यावर दाखवले. सासू-सुनेच्या वादाचा एक प्रसंग वन लाइनमध्ये स्वयंपाकघरात होता. वाहिनीच्या क्रिएटिव्ह विभागाने तो अधिक तीव्र करण्यास सांगितले. चित्रीकरणाच्या दिवशी स्वयंपाकघराचा सेट उपलब्ध नव्हता, म्हणून प्रसंग गच्चीवर गेला. गच्चीवर शेजारी ऐकतील या भीतीने दोन्ही पात्रांना हळू बोलावे लागले, आणि मूळ आरडाओरडा निघून गेला. जो प्रसंग प्रेक्षकांनी नावाजला त्याचे श्रेय कोणाला द्यायचे, हे आपल्याला आजही ठरवता येत नाही, असे ते म्हणाले. टाळेबंदीनंतर २०२० मध्ये चित्रीकरण पुन्हा सुरू झाले तेव्हा ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर बंदी होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करीपर्यंत घरातील आजी-आजोबांना कथेत गावी पाठवावे लागले, आणि त्यातून काही घरांच्या गोष्टी अनपेक्षित दिशांनी गेल्या. त्यांचा एकंदर रोख असा की मालिकेत नवे काही घडते ते बहुधा अडचणीतून, आणि अनेक हातांतून.

येथे प्रस्तुत लेखकाचे मत थोडे वेगळे आहे. अनेक हातांचा हा युक्तिवाद खरा आहे, पण तो फार सोयीचाही आहे, कारण श्रेय सर्वांचे म्हटले की ज्याच्याकडे अधिकार कमी त्याचे ते आधी गळते. गच्चीचा प्रसंग सुचवणाऱ्या साहाय्यक दिग्दर्शकाचे नाव निर्मात्यांना आठवत नव्हते.

प्रश्नोत्तरांत एकांकिकाकार उभे राहिले. त्यांनी विचारले की सर, परीक्षक म्हणून पाहिलेल्या प्रयोगातील कल्पना लेखकांच्या बैठकीत कोणी सांगितली, तर ती कोणाची समजायची. निर्मात्यांनी उत्तराला वेळ घेतला. कायद्याने कल्पना कोणाचीच नसते, पण ती कोठे पाहिली हे बैठकीत विचारले जायला हवे आणि तसे विचारण्याची पद्धत आमच्याकडे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून कोणीतरी मालिकेचे नाव मोठ्याने घेतले. सूत्रसंचालकांनी, त्या मालिकेविषयी आज बोलायचे नाही असे ठरले आहे, असे सांगून पुढचा प्रश्न घेतला. 'ठरले आहे' हे दोन शब्द सभागृहाला झोंबले. काही तरुण उठून गेले, कारण कोणी आणि कोणाशी ठरवले हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

परिणाम

श्रेय मिळाले नाही. काही आठवड्यांनी निर्मात्यांचा फोन आला. कथानकाची पहिली सूचना एका साहाय्यक लेखकाची होती, तो आता दुसऱ्या मालिकेवर गेला आहे आणि त्याला ती कोठून सुचली ते आठवत नाही, एवढेच त्यांनी कळवले. नव्या मालिकेसाठी संवादलेखनाची चाचणी देण्याचा प्रस्ताव त्यांनी एकांकिकाकारांपुढे ठेवला. नोकरी सोडून मुंबईत राहणे शक्य नसल्याने त्यांनी तो नाकारला. त्यांच्याच गटातील एका तरुण लेखिकेने चाचणी दिली आणि तिला काम मिळाले. हा शेवट समाधानकारक मानावा की तक्रार विकत घेण्याचा प्रकार, यावर शहरातील नाट्यसंस्थांत आजही दोन तट आहेत. एकांकिकाकारांनी आपली बाजू मांडता आली याबद्दल संस्थेला पत्र लिहिले, मात्र स्पर्धेत पुन्हा भाग घेतला नाही. विरोध केलेल्या दोन ज्येष्ठ सदस्यांपैकी एकांनी, अलीकडच्या वर्षांत इतके लक्ष देऊन ऐकलेले व्याख्यान दुसरे नाही, असे बैठकीत नोंदवले.

काय वेगळे करता आले असते

भेट त्याच दिवशी ठेवणे ही ढोबळ चूक होती. मुंबई-नाशिक प्रवासाचा भरवसा धरून नाजूक बोलणी ठरवू नयेत. निर्माते आदल्या संध्याकाळी मुक्कामाला येण्यास तयार झाले असते, पण त्यांना कोणी विचारलेच नाही. त्याहून गंभीर बाब अशी की पत्र पहिले काही दिवस फक्त कार्यवाह आणि अध्यक्ष यांच्याकडे राहिले, आणि बाकीच्या सदस्यांनी ते व्हॉट्सॲपवर वाचले. त्यामुळे पहिल्या बैठकीचा बराच वेळ पत्राऐवजी या मानापमानावर गेला.

सभागृहातील क्षोभ तर सहज टळला असता. वक्ते कराराच्या अटीमुळे चालू मालिकांवर बोलणार नाहीत, एवढे एक वाक्य प्रास्ताविकात सांगितले असते, तर सूत्रसंचालकांवर ती वेळ आली नसती. मर्यादा आधी सांगितली तर श्रोते ती मानतात. ऐन वेळी काढली तर तिला मुस्कटदाबी म्हणतात. तोंडी आश्वासनाचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. लेखी मागितले असते तर निर्मात्यांनी वाहिनीला विचारले असते आणि भेटच झाली नसती, हे कार्यवाहांचे म्हणणे प्रस्तुत लेखकाला पटते. वकिलांना ते अजूनही पटलेले नाही.

पुढच्या वर्षी संस्थेने परीक्षकांच्या नेमणूकपत्रात एक कलम घातले. स्पर्धेत पाहिलेल्या संहितांतील कल्पनांचा वापर परीक्षक करणार नाहीत, असा त्याचा पहिला मसुदा होता. एका ज्येष्ठ परीक्षकांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. चाळीस वर्षांत पाहिलेल्या प्रयोगांतील काय डोक्यात राहिले आणि काय आपले आहे याची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे त्यांनी कळवले. मग मसुदा बदलला. आता परीक्षकांकडून एवढेच अपेक्षित आहे की स्पर्धेत पाहिलेल्या एकांकिकेविषयी व्यावसायिक बैठकीत बोलताना ते तिचे आणि लेखकाचे नाव सांगतील. त्या वर्षीच्या तिन्ही परीक्षकांनी सह्या केल्या. प्रकरणातील निर्मात्यांना याच कलमासह पुन्हा परीक्षक म्हणून बोलवावे, असा ठराव कार्यकारिणीपुढे दोनदा आला आणि दोन्ही वेळा पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.